ब्राउझर जरूर बदला, पण बँकेचा नव्हे, भटकंतीचा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

‘क्रोममध्ये गंभीर त्रुटी, सर्ट-इनचा इशारा’ अशा मथळ्याची बातमी वर्षातून अनेकदा येते. (सर्ट-इन म्हणजे केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था.) धोका किती मोठा, हॅकर काय काय करू शकतो, हे तिच्यात असते. सुरक्षित आवृत्तीचा क्रमांक कोणता आणि तो आपल्या संगणकावर कुठे पाहायचा, हे मात्र बहुतेक वेळा नसते. मग वाचक घाबरून दुसराच ब्राउझर उतरवून घेतो, जुन्यातले सगळे पासवर्ड त्यात ओततो आणि आता आपण सुरक्षित झालो असे समजतो. ब्राउझर बदलण्याचा सल्ला मुळात चांगलाच आहे. फक्त कोणता ब्राउझर कोणत्या कामासाठी, हे ठरवल्याशिवाय केलेल्या बदलातून हाती काही लागत नाही.

क्रोम, एज, ब्रेव्ह, ऑपेरा, विवाल्डी यांची नावे आणि चिन्हे वेगळी असली तरी आतले इंजिन, म्हणजे पान उघडून दाखवणारा मूळ कार्यक्रम, एकच आहे, क्रोमियम. आपल्याकडे केंद्र सरकारने ऑगस्ट २०२३ मध्ये स्वदेशी ब्राउझरसाठी स्पर्धा जाहीर केली, मार्च २०२५ मध्ये तिचा निकाल लागला आणि झोहो कंपनीला एक कोटीचे पहिले बक्षीस मिळाले. झोहोचा ‘उला’ हा ब्राउझरही क्रोमियमवरच उभा आहे. यात कमीपणा काही नाही. ते इंजिन उत्तम आहे. पण क्रोमवरून ब्रेव्हवर गेलात तर जाहिराती आणि माग काढणारे ट्रॅकर कमी होतील, क्रोमियममध्ये सापडलेले सुरक्षेचे भोक मात्र तिथेही असेल. शिवाय क्रोमची दुरुस्ती बाहेर पडल्यावर बाकीच्या कंपन्या ती आपल्या ब्राउझरमध्ये घालून पाठवेपर्यंत मध्ये काही काळ जातोच. गूगल ऑगस्ट २०२३ पासून क्रोमच्या सुरक्षा दुरुस्त्या दर आठवड्याला देते. तुमचा पर्यायी ब्राउझर हा वेग राखतो का, हे निवडण्याआधी पाहावे.

खरोखर वेगळे इंजिन हवे असेल तर संगणकावर फायरफॉक्स आणि ॲपलच्या यंत्रांवर सफारी, एवढीच मोठी नावे उरतात. आयफोनवर तर आपल्याकडे कोणताही ब्राउझर घ्या, आत सफारीचेच इंजिन असते. तिथे बदलून सुरक्षेत फारसा फरक पडत नाही.

वेगळे इंजिन म्हणजे सुटका, असेही नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये वेबपी प्रकारची चित्रे उलगडणाऱ्या एका छोट्या सामायिक कोडमध्ये भोक सापडले. तोच कोड क्रोम, एज, ब्रेव्ह आणि फायरफॉक्स या सर्वांत होता. एक खास बनवलेले चित्र पानावर दिसले की हल्ला होऊ शकत होता. मार्च २०२५ मध्ये क्रोममधल्या एका भोकाचा विंडोजवर प्रत्यक्ष वापर झाल्याचे उघड झाले, तेव्हा फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाने आपला कोड तपासला आणि तशाच घडणीची चूक फायरफॉक्समध्येही निघाली. ती त्याच आठवड्यात दुरुस्त झाली. या दोन्ही प्रसंगांत वाचला तो वेळेवर अपडेट झालेला ब्राउझर, मग त्याचे नाव काहीही असो.

वेगळेपणाचा खरा फायदा झाल्याचे उदाहरण आपल्याच देशातले आहे. संकेतस्थळाची ओळख पटवण्यासाठी प्रमाणपत्र लागते आणि कोणत्या संस्थेने दिलेले प्रमाणपत्र मानायचे, याची यादी ब्राउझरकडे असते. जुलै २०१४ मध्ये एनआयसी या केंद्र सरकारच्या संगणक संस्थेच्या प्रमाणपत्र यंत्रणेतून गूगलच्या नावांची अनधिकृत प्रमाणपत्रे निघाल्याचे उघडकीस आले. एनआयसीच्या वरची भारतीय मूळ संस्था मायक्रोसॉफ्टच्या यादीत होती. त्यामुळे विंडोजवरचा इंटरनेट एक्स्प्लोरर त्या प्रमाणपत्रांना खरे मानू शकत होता. विंडोजवरचा क्रोमही तीच यादी वापरत होता, फक्त गूगलच्या स्वतःच्या साइटसाठी त्यात वेगळी तपासणी होती. फायरफॉक्सची यादी स्वतंत्र होती, तिच्यात ही संस्था नव्हती, म्हणून तो या प्रकरणात बाधित झालाच नाही. पुढे क्रोमनेही स्वतःची यादी केली, त्यामुळे हा विशिष्ट फरक आता उरलेला नाही. पण दोन वेगळ्या घडणीचे ब्राउझर जवळ असावेत, हा धडा आजही लागू आहे.

माझे म्हणणे असे आहे. एका संगणकावर दोन ब्राउझर ठेवा आणि त्यांची कामे एकमेकांत मिसळू देऊ नका. बहुतेक जाणकार बँकेसाठी खास सुरक्षित ब्राउझर घ्यायला सांगतात. मी उलट सांगतो. नवा ब्राउझर भटकंतीला द्या: बातम्या, शोध, पाककृती, व्हॉट्सॲपवर आलेल्या लिंक. बँक, आयकर, जीएसटी, महाडीबीटी यांसाठी विंडोजबरोबर येणारा एजच वापरा, पण तो पूर्ण रिकामा करून. असे का? एक तर ही पोर्टले क्रोमियमवर तपासलेली असतात, तिथे अडचणी कमी येतात. दुसरे आणि महत्त्वाचे, धोका बँकेच्या पानावर क्वचित असतो. तो असतो ई-मेलमधल्या अनोळखी लिंकवर, शोधाच्या पानावरच्या जाहिरातीत, फुकट पीडीएफ देणाऱ्या साइटवर. त्या लिंक अशा ब्राउझरमध्ये उघडाव्यात की जिथे तुम्ही बँकेत कधी लॉगिन केलेलेच नाही.

भटकंतीसाठी फायरफॉक्स घ्यावा. त्यावर यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती रोखणारे एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायची छोटी पुरवणी, पूर्ण ताकदीने चालते. क्रोममध्ये गूगलने एक्स्टेन्शनचे नियम बदलल्यामुळे २०२५ पासून ते चालत नाही. ‘लाइट’ नावाचे धाकटे भावंड तेवढे चालते. जाहिरात रोखणे ही केवळ सोय राहिलेली नाही. शोधाच्या पानावर सर्वांत वर बनावट साइटच्या जाहिराती लावून लोकांना फसवले जाते, म्हणून ॲडब्लॉकर वापरा, असे अमेरिकेच्या एफबीआयने डिसेंबर २०२२ मध्ये जाहीरपणे सांगितले होते.

आता कृती. फायरफॉक्स शोधून उतरवू नका, कारण त्याच शोधात बनावट इन्स्टॉलरची जाहिरात असू शकते. पत्त्याच्या पट्टीत मोझिला डॉट ओआरजी हा पत्ता इंग्रजीत स्वतः टाइप करा किंवा मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून घ्या. उतरलेल्या फाइलवर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, मग डिजिटल सिग्नेचर्स. तिथे ‘मोझिला कॉर्पोरेशन’ हे नाव दिसले पाहिजे. ते पानच नसेल तर फाइल पुसून टाका. फायरफॉक्स मराठीतही मिळतो, पण दुरुस्तीला दुसरा कोणी बसणार असेल तर इंग्रजीच ठेवलेला बरा.

पहिल्यांदा उघडल्यावर तो जुन्या ब्राउझरमधून माहिती आणू का, असे विचारतो. फक्त बुकमार्क आणा. पासवर्डवरची खूण काढा. इथे एक चूक हमखास होते: पासवर्ड हलवण्यासाठी क्रोममधून सीएसव्ही फाइल काढली जाते, ती डाउनलोड्स फोल्डरमध्ये तशीच पडून राहते आणि एक्सेलमध्ये उघडली की सगळे पासवर्ड साध्या अक्षरांत समोर येतात. डाउनलोड्सची प्रत ड्राइव्हवर किंवा वनड्राइव्हवर जात असेल तर तीच फाइल तिथेही पोचते. अशी फाइल कधी काढली असेल तर आज शोधा, शिफ्ट दाबून डिलीट करा आणि ड्राइव्हच्या कचरापेटीतूनही काढा.

मग सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी. ट्रॅकिंग प्रोटेक्शन ‘स्ट्रिक्ट’ करा. एचटीटीपीएस-ओन्ली मोड, म्हणजे फक्त सुरक्षित जोडणीने साइट उघडण्याची सोय, सर्व खिडक्यांसाठी चालू करा. परमिशन्समध्ये नोटिफिकेशन्ससमोरच्या सेटिंग्जमध्ये जाऊन नव्या विनंत्या रोखण्याच्या चौकटीत खूण करा. ‘संगणकात व्हायरस आला, दर दोन मिनिटांनी कोपऱ्यात लाल इशारा येतो’ ही तक्रार पुष्कळदा व्हायरसची नसतेच. कुठल्यातरी साइटवर ‘अलाऊ’ दाबले गेलेले असते आणि ती साइट नोटिफिकेशन पाठवत राहते. त्या यादीतून साइटचे नाव काढले की इशारे थांबतात. यात पैसे भरून घ्यायचे अँटिव्हायरस काही लागत नाही.

साध्या साइटचे पासवर्ड फायरफॉक्समध्ये साठवायचे असतील तर ‘प्रायमरी पासवर्ड’ लावल्याशिवाय साठवू नका. त्याविना पासवर्डची फाइल आणि तिची किल्ली एकाच फोल्डरमध्ये शेजारी शेजारी असतात. फोल्डर कॉपी केला की दोन्ही मिळाले. बँकेचा पासवर्ड दोन्हींपैकी कोणत्याही ब्राउझरमध्ये नको.

आता सगळ्यात महत्त्वाची पायरी: विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ॲप्स, डिफॉल्ट ॲप्स, तिथे फायरफॉक्सला ‘डिफॉल्ट’ करा. यामुळे ई-मेल किंवा व्हॉट्सॲप डेस्कटॉपमधली लिंक आपोआप फायरफॉक्समध्ये उघडेल. आउटलुक वापरणाऱ्यांनी एक जास्तीचे काम करावे. मायक्रोसॉफ्ट ३६५ मधला आउटलुक ही निवड न जुमानता लिंक एजमध्ये उघडू शकतो. फाइल, ऑप्शन्स, ॲडव्हान्स्डमध्ये ‘लिंक हँडलिंग’ शोधून तिथे डिफॉल्ट ब्राउझर निवडा. हे राहिले तर वरची सगळी मेहनत वाया जाते, कारण सर्वांत धोक्याच्या लिंक ई-मेलमधूनच येतात.

एज रिकामा करणे सोपे आहे. एक्स्टेन्शन एकूण एक काढा, उपयोगी वाटणारीसुद्धा. एक्स्टेन्शन चांगले आहे म्हणून घेतले तरी ते उद्या दुसऱ्याच्या हाती जाऊ शकते. ‘द ग्रेट सस्पेंडर’ हे लोकप्रिय एक्स्टेन्शन मूळ लेखकाने विकल्यावर त्यात घातक कोड आला आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलने ते काढून टाकले. त्यानंतर पासवर्ड साठवणे बंद करा, ब्राउझर बंद होताना कुकीज (लॉगिन लक्षात राहावे म्हणून साइटने ठेवलेल्या खुणा) पुसण्याची सोय चालू करा आणि नव्या टॅबवरच्या बातम्या-जाहिराती बंद करा. शेवटी, लागणारे पाच-सहा पत्ते एकदाच हाताने टाइप करून फेव्हरिट्समध्ये ठेवा. या ब्राउझरमध्ये शोध घ्यायचा नाही. एवढा एक नियम पाळला तरी पुष्कळ काम होते.

पत्ते टाइप करताना शेवट पाहावा. रिझर्व्ह बँकेने बँकांसाठी ‘डॉट बँक डॉट इन’ हा खास शेवट आणला आणि ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत तिकडे जाण्याची मुदत बँकांना दिली. जुने बुकमार्क असतील तर बदलून घ्या. सरकारी पत्त्यात पहिल्या एकेरी तिरप्या रेषेच्या लगेच आधी ‘डॉट जीओव्ही डॉट इन’ (काही ठिकाणी ‘डॉट एनआयसी डॉट इन’) हवे. ‘महाभूलेख’ हा शब्द पत्त्यात कुठेही असून चालत नाही. तो शब्द कोणीही पैसे भरून आपल्या पत्त्यात घालू शकतो. पत्ता उजवीकडून वाचायची सवय लावावी. फायरफॉक्स पत्त्याचा हा खरा भाग गडद आणि बाकीचा फिकट दाखवतो. डोळ्याला ती खूण झाली की बनावट पत्ता चटकन लक्षात येतो.

अडचणी येतील, त्यांची कारणे ठरलेली आहेत. फायरफॉक्सवर एखादे पान अर्धवट दिसले तर पत्त्याच्या डावीकडच्या ढालीवर क्लिक करून फक्त त्या साइटपुरते संरक्षण उतरवा. संपूर्ण स्ट्रिक्ट काढू नका. जीएसटीची सही फायरफॉक्समधून होत नाही अशी तक्रार असते. डिजिटल सही करणारा कार्यक्रम आपल्याच संगणकावर १२७.०.०.१ या पत्त्यावर चालतो, त्याचे प्रमाणपत्र फायरफॉक्सच्या यादीत नसते, म्हणून तो जोडणी नाकारतो. हे काम एजवरच करा, हा सोपा मार्ग. जुन्या एखाद्या पोर्टलला इंटरनेट एक्स्प्लोररच हवा असेल तर तो जून २०२२ मध्ये निवृत्त झाला आहे. एजमध्ये ‘इंटरनेट एक्स्प्लोरर मोड’ आहे, तो त्या एका पत्त्यापुरता लावा.

एक लहानशी गोष्ट मोठे नुकसान करते, ती जवळून पाहण्यासारखी आहे. जुन्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढा चपटा सेल असतो, सीआर २०३२, तीन व्होल्टचा. तो संपला की प्रत्येक वेळी वीज गेल्यावर संगणकाची तारीख काही वर्षे मागे जाते. प्रमाणपत्रांना मुदत असते. संगणकाच्या हिशेबी ती अजून सुरूच झालेली नसते, म्हणून ब्राउझर साइटमागून साइटवर ‘तुमची जोडणी खासगी नाही’ किंवा घड्याळ चुकल्याचा इशारा देतो. जिथे तो ओलांडता येतो तिथे बसणाऱ्याला ‘ॲडव्हान्स्ड’ आणि ‘प्रोसीड’ दाबायची सवय लागते. पुढे खरोखर बनावट साइटवर तोच इशारा आला तरी बोट आपोआप ‘प्रोसीड’वर जाते. सेल बदलायला पाच मिनिटे लागतात: वीज काढा, खाच दाबा, नवा सेल अधिक खूण वर ठेवून बसवा, बायॉसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) तारीख घाला. ब्राउझर बदलण्याआधी हे करावे.

सोसायट्यांच्या कचेऱ्या, पतसंस्था, सेवा केंद्रे इथे विंडोज ७ अजून दिसते. त्यावर क्रोमची १०९ ही जानेवारी २०२३ ची आवृत्ती शेवटची. आता तिला दुरुस्त्या येत नाहीत. खिडकी नेहमीसारखीच उघडते, म्हणून कोणाला शंका येत नाही. अशा यंत्रासाठी मोझिलाने फायरफॉक्सची ११५ ईएसआर ही जास्त काळ आधार मिळणारी आवृत्ती ठेवली आणि तिची मुदत वेळोवेळी वाढवली. ती घालणे क्रोम १०९ पेक्षा निश्चित बरे. तरीही ही मलमपट्टीच आहे, कारण खालचे विंडोज स्वतःच उघडे आहे. त्या यंत्रावर बँकेचे काम करू नये, एवढे स्पष्ट सांगतो. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहेत, पण विंडोज अपडेटच्या पानावर जाऊन नोंदणी केल्याखेरीज ती मिळत नाहीत.

सेवा केंद्रचालकांनी आणखी दोन गोष्टी कराव्यात. ग्राहकाचे लॉगिन नेहमी गेस्ट किंवा खासगी खिडकीत करावे. खिडकी मिटली की लॉगिन गेले. पण खासगी खिडकीतूनही उतरवलेली फाइल डाउनलोड्समध्ये राहते. ई-आधारच्या पीडीएफचा पासवर्ड नावाची पहिली चार अक्षरे आणि जन्मवर्ष असा ठरलेला असतो. फाइलच्या नावावर ग्राहकाचे नाव लिहून ठेवले असेल तर अर्धा पासवर्ड तिथेच दिला. प्रिंट निघाली की फाइल ग्राहकासमोर पुसावी, आणि ग्राहकानेही ते मागावे, त्यात संकोच कसला?

फोनवर थोडक्यात: अँड्रॉइडवरही फायरफॉक्समध्ये यूब्लॉक ओरिजिन चालते, सेटिंग्जमधल्या डिफॉल्ट ॲप्समध्ये ब्राउझर म्हणून तोच ठेवा. जून २०२० मध्ये बंदी आलेला यूसी ब्राउझर जुन्या फोनमध्ये अजून असेल तर काढून टाका.

एका फसवणुकीपुढे मात्र कोणताच ब्राउझर पुरा पडत नाही. पान म्हणते, ‘तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा’, आणि मग सांगते: विंडोजची कळ आणि आर दाबा, कंट्रोल-व्ही दाबा, एंटर मारा. तुमच्या नकळत पानाने एक आज्ञा कॉपी करून ठेवलेली असते. तुम्ही ती स्वतःच्या हाताने विंडोजला देता. त्यातून येणारा चोर कार्यक्रम क्रोम, एज, फायरफॉक्स या सगळ्यांतले साठवलेले पासवर्ड आणि लॉगिनच्या कुकीज एकदमच उचलतो. कुकी गेली की ओटीपीसुद्धा लागत नाही. कोणतीही खरी साइट असे कळा दाबायला सांगत नाही. दाबल्या गेल्याच, तर लगेच इंटरनेट तोडा, दुसऱ्या यंत्रावरून पासवर्ड बदला, ‘सर्व ठिकाणांहून लॉगआउट’ करा, आणि पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० वर फोन करा.

आपल्याकडे विनंती एकच. सर्ट-इनच्या इशाऱ्याची बातमी छापताना दोन ओळी जास्त द्याव्यात: सुरक्षित आवृत्तीचा क्रमांक, आणि तो पाहण्याची जागा. क्रोममध्ये तीन ठिपके, हेल्प, अबाउट. फायरफॉक्समध्ये तीन रेषा, हेल्प, अबाउट. पान उघडताच अपडेट सुरू होते, पण ‘रीलाँच’ किंवा ‘रीस्टार्ट’ दाबेपर्यंत जुनीच आवृत्ती चालू राहते. पुष्कळ जण ब्राउझर आठवडा-आठवडा बंद करत नाहीत, त्यांच्याकडे दुरुस्ती येऊनही लागलेली नसते. तेव्हा ‘ब्राउझर एकदा बंद करून पुन्हा उघडा’ हेही वाक्य त्या बातमीत असावे.

आपला नम्र,
संगणक देखभाल-दुरुस्ती व्यवसायातील एक वाचक, सातारा